मयेकरकाकांची कॅप्टन कॉफी

“वहिनी, ही मेलीय. कधी गेली, तेवढं फक्त सांगा.”

मी आतल्या खोलीत ऑफिसचं काम करत बसले होते. बाहेर आले तर मयेकरकाका आमच्या ओट्यापाशी उभे, हातात आमची कॉफीची बाटली, आणि समोर आई मान खाली घालून. काकांनी पूड चिमटीत चुरून पाहिली, खिडकीतून खालच्या कढीपत्त्याला घातली आणि बाटली घासायला घेतली. आमची बाटली. आमच्याच साबणाने.

काका आमच्या शेजारी राहतात. सगळी नोकरी बोटीवर झाली, त्यातली बरीचशी कॅप्टनच्या पॅन्ट्रीत. निवृत्त होऊन रत्नागिरीला आले, मग काकी गेल्या. मुलगी ठाण्याला असते. तेव्हापासून अख्ख्या आळीची कॉफी सुधारण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलंय. कुणीही सांगितलेलं नसताना.

त्यांच्या हिशेबात घरं तीन प्रकारची: डेक, केबिन आणि कॅप्टन. ज्याच्या खिशाला जे झेपेल ते. डेकवाल्यांनी पातेल्यात पाणी उकळायचं, गॅस बंद करायचा, मगच पूड घालून झाकण ठेवायचं आणि पंच्याच्या स्वच्छ तुकड्यातून गाळायचं. पुडीसकट उकळलं की काका रागावतात. केबिनवाल्यांनी स्टीलचा दोनमजली मद्रासी फिल्टर घ्यायचा. कॅप्टनवाल्यांनी बिया मागवून हातचक्कीवर लागतील तेवढ्याच दळायच्या.

“पण पैसे भांड्यात नको घालू गो बाय, पुडीत घाल. आपली हवा खारी, दमट. छोटी पुडी आण, संपव, मग दुसरी आण. ताजी डेक कॉफी शिळ्या कॅप्टनला बुडवते.”

हे मला झोपेतही म्हणता येईल. समोरच्या सावंतवहिनींनी हौसेने कॉफीचं यंत्र घेतलं, तर काकांनी ते पाहून गेटातूनच जाहीर केलं, “टोपी कॅप्टनची, डोकं खलाशाचं!” वहिनी कितीतरी दिवस आमच्याशीसुद्धा बोलत नव्हत्या. आम्ही हसलोही नव्हतो.

त्यांचा खरा शत्रू म्हणजे जायफळ. आमच्याकडे एकादशीच्या कॉफीत जायफळ पडतंच. काका म्हणतात, “जायफळ पोरांना झोपवायला उगाळतात, कॉफी माणसाला जागं करायला पितात. दोघांचं भांडण पोटात कशाला लावता?” आई आता जायफळ किसण्याआधी त्यांच्या बाजूची खिडकी लावून घेते. स्वतःच्याच घरात.

या सगळ्यावर कळस म्हणजे तोंडी परीक्षा. कप हातात देतात, खुर्ची ओढून समोर बसतात आणि पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत विचारतात, “बोल. कशी झालीय?”

माझं उत्तर मनात आधी इंग्रजीत तयार होतं. त्याचं मराठी होईपर्यंत तोंडातून “छान” निघून गेलेलं असतं.

“छान काय, छान? नीट सांग. कडू? आंबट? करपट?”

“छान आहे, काका.”

आळीत सगळे हेच म्हणतात. सुटका करून घ्यायची दुसरी वाट नाही.

परवा त्यांनी कुंपणावरून हाक मारली. रविवारी मुलगी येणार होती, म्हणून खास बिया मागवल्या होत्या आणि आधी माझ्यावर प्रयोग होता. “बियांना हवा लागली की संपलं,” ते सांगू लागले. “म्हणून घरातला सगळ्यात घट्ट डबा रिकामा केला, घासला, त्यात भरल्या.”

आमच्याकडे कुठल्याही घरातल्या सगळ्यात घट्ट डब्यात पावसाळ्यासाठी भरलेलं सुकट असतं. वास बाहेर फिरू नये म्हणूनच तो डबा घट्ट असतो. काकांनी झाकण उघडलं आणि मी दारापर्यंत मागे सरले. त्यांनी मात्र डबा नाकाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, “अहाहा!”

मला वाटलं, माझी थट्टा चाललीय. ते चक्की फिरवायला बसले. त्यांच्या पाठीमागे दूध उतू गेलं, शेगडीवर करपलं, घरभर जळका वास पसरला, आणि काका शिट्टी वाजवत चक्की फिरवतायत. धावत जाऊन मीच गॅस बंद केला.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. काका फोन नेहमी स्पीकरवरच घेतात.

“बाबा, खरं सांगा. त्या तापात गेलेला वास परत आला का? नसेल आला तर तिथे एकट्याने गॅस पेटवायचा नाही. रविवारी तुम्हाला घेऊनच येईन.”

“येतो गो, सगळा येतो. आता बघ, घरभर कॉफी दरवळतेय.”

फोन ठेवून ते थोडा वेळ चक्कीचा दांडा पुसत राहिले. “ठाण्याला प्रत्येक दाराला कुलूप,” ते चक्कीलाच म्हणाले. “तिथे मी कुणाच्या स्वयंपाकघरात शिरणार?”

इतके दिवस मला वाटायचं, हा माणूस कौतुकाचा भुकेला आहे. खरं म्हणजे ते फक्त विचारत होते, आणि अख्ख्या आळीत एकाने त्यांना धड उत्तर दिलं नव्हतं. आई तर खिडकी उगाच लावत होती.

त्यांनी नवं दूध तापवलं, या वेळी त्याच्याकडे बघत उभे राहून. कप माझ्या हातात दिला. खुर्ची ओढली नाही.

“कशी झालीय?”

मी घोट घेतला. तो गिळणं सोपं नव्हतं. काका माझ्या चेहऱ्याकडे असे बघत होते, की इंग्रजीत काही सुचायला वेळच मिळाला नाही.

“काका, ही ओतून टाका. सुकटाचा वास येतोय,” मी म्हणाले. “आणि ताईला फोन लावून खरं काय ते सांगा. म्हणावं, रोज गॅस पेटवायच्या आधी शेजारची मुलगी नाक घेऊन येणार आहे.”