एकशे त्रेपन्नची बॅग

“शहापूर आणि मुरबाड, दोन तालुक्यांत मिळून गुप्तहेर एकच. आनि तो तुझ्या घरचा जावई हाय, नशीब समज,” असं सदानंद आपल्या मेव्हण्याला, हरेशला, नेहमी ऐकवी. दोन्ही तालुक्यांनी त्याला आजवर कधी बोलावलं नव्हतं, पण हरेश ते तोंडावर आणत नसे. बहीण दिली होती.

त्या दिवशी आटगावच्या समाजमंदिरात सदानंदच्या पुतणीचं, दीप्तीचं लग्न होतं आणि तिची लग्नात नेसायची पांढरी साडी नव्या बॅगेत अडकली होती. कुलूप आकड्यांचं. आकडा तिचा भाऊ महेंद्र सांगून गेला होता, एकशे त्रेपन्न. महेंद्र गणिताचा मास्तर. तो टोकावड्याहून मामाची माणसं आणायला गेलेला, फोनला रेंज नाही. सदानंदने एक, पाच, तीन लावलं आणि चेन ओढली. हलेना.

“कापा बॅग,” दीप्ती म्हणाली.

“पुरावा जाईल.” सदानंदने मोबाइलवर आकडा टाकून शोधला आणि आलेलं वाचू लागला. “मास्तर उगाच आकडा निवडत नाय. ऐक. एकचा घन एक, पाचचा सव्वाशे, तीनचा सत्तावीस. बेरीज एकशे त्रेपन्न! आकडा आपल्याच पोटातून जन्मलाय. म्हणजे गुन्हेगार घरातला.”

“गुन्हा कोणता?” हरेशने विचारलं.

“तो मागाहून बघू. हे बघ, गणितात आकड्यापुढं उद्गारचिन्ह लावलं की एकपासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार. एक ते पाचला चिन्हं लाव, बेरीज कर. परत एकशे त्रेपन्न! पाच उद्गारचिन्हं, हरेश. कोणीतरी पाचदा किंचाळलंय.”

“मी किंचाळंन आता,” दीप्ती म्हणाली.

सदानंद थांबला नाही. “एक ते सतराची बेरीज तेवढीच. ओळीत एक, मग दोन, मग तीन गोटे मांडत गेलं की होतो त्रिकोण. त्रिकोणी संख्या! या लग्नात तिसरा माणूस हाय!”

दारात नवऱ्या मुलाची मावशी चहा घेऊन उभी होती. ती चहासकट परत गेली. थोड्याच वेळात मंडपातून “तिसरा कोण?” अशी कुजबुज ऐकू येऊ लागली. दीप्तीचे डोळे भरले.

“काका, लग्न मोडाल तुमी माझं.”

सदानंदचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. आवाज खाली आणून त्याने शेवटचा धागा धरला. तीनने भाग जाणारा कुठलाही आकडा घ्या, त्याच्या अंकांच्या घनांची बेरीज करा, येईल त्या आकड्याचं पुन्हा तेच करा. तो चाकं फिरवत गेला. तीन. सत्तावीस. तीनशे एक्कावन्न. एकशे त्रेपन्न.

“कुठनंही निघा, हितंच येता. हितनं पुढं जाता येत नाय.”

“ते दिसतंय,” हरेश म्हणाला.

इतक्यात सदानंदची थोरली बहीण चंद्राबाई गजरा घेऊन आत आली. तिने बॅग बघितली आणि कुलपाशेजारचं बारकं बटण अंगठ्याने सरकवलं. टक्.

“आकडा लावून हे सारायचं असतं रे. मला वाटलं, तुमी बॅगेची पूजा करताय.”

“घरातलंच माणूस, म्हणालो नव्हतो?” सदानंद हरेशला म्हणाला.

साडी नेसून दीप्ती मंडपात आली तेव्हा हार हरेशच्या हातात होते, म्हणून त्याला ऐकू आलं. नवरदेवाने घाम पुसत हळूच विचारलं, “तो तिसरा कोण गो?”

“बटण,” दीप्ती म्हणाली, आणि हारासाठी मान वाकवली.