हिरवी की निळी

लग्नाला चाळीस वर्षं पुरी होत आली, म्हणून देविदासरावांनी जुनी स्कूटर मूळ रंगात आणायचं मनावर घेतलं. याच स्कूटरवरून ते कनेरगाव नाक्याहून औंढ्याला रुख्मिणीबाईंना बघायला गेले होते. आता लग्नाच्या वाढदिवसाला तिच्यावरूनच जोडीने नागनाथाला जायचं, असा बेत होता. पण मूळ रंग कोणता, इथेच घोडं पेंड खात होतं.

"निळा," देविदासराव म्हणाले.

"हिरवा," रुख्मिणीबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "पोपटावानी हिरवीगार. म्या खिडकीतून बराबर पाह्यली व्हती."

"गाडी माझी, अन् रंग तू सांगून राहिली!"

"मंग खरडून पाहा की. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

झालं! देविदासरावांनी अंगणात पोतं अंथरलं, रंग काढायचं औषध फासलं आणि खरडायला स्वयंपाकघरातलं उलथनं पळवलं. वरचा पांढरा रंग पापडासारखा फुगून आला. तो लेकीच्या, मिनाच्या लग्नातला. त्याखाली निघाला तांबडा, मुलाच्या, विकासच्या जन्माचा. पेढे वाटत सुटलेले देविदासराव तेव्हा स्कूटरसकट नाल्यात गेले होते, म्हणून रंग द्यावा लागला होता. त्या आठवणीने त्यांना हसू आलं. पण विकास पोरांना घेऊन पुण्याला गेल्यापासून स्कूटरवर पुढे उभं राहायला घरात कोणी नव्हतं.

तांबड्याखाली निळा दिसला.

"निघाला का न्हाई!"

"आजून खरडा. खाली हिरवा हाय."

त्यांनी लोखंड लागेपर्यंत खरडलं. हिरव्याचा ठिपकाही नव्हता. देविदासरावांनी उलथनं तलवारीसारखं उंच केलं आणि तसंच खाली आणलं.

"मंग हिरवी कोणाची व्हती?"

रुख्मिणीबाई तांदळात नसलेला खडा शोधू लागल्या. "हट्टा गावचं एक पोरगं आलं व्हतं बगायला. तुमच्या आगुदर."

चाळीस वर्षं बायकोच्या मनात आपली म्हणून भलत्याचीच स्कूटर उभी होती! देविदासरावांचं टाळकं सरकलं. त्या भरात त्यांनी भर दुपारी राखाडी प्रायमर फासला. शेजारच्या सेवा नावाच्या पोराने हळकुंडं घासून पॉलिश करायचा ड्रम नुकताच सुरू केला होता, पण हिरव्या स्कूटरपुढे त्यांना तो ऐकू येईना. वारा फिरला आणि हळदीची सगळी धूळ ओल्या प्रायमरवर येऊन बसली.

"ए सेवा, बंद कर रे!"

उशीर झाला होता. स्कूटर नवरीसारखी पिवळीधमक झाली होती. देविदासराव ओट्यावर कपाळाला हात लावून बसले.

रुख्मिणीबाई चहा घेऊन शेजारी टेकल्या. "त्या हट्टेवाल्याला म्याच न्हाई म्हणलं व्हतं."

"काहून?"

"चहा पिला, एका किकमदी गाडी चालू केली अन् गेला. तुमची मेली चालूच व्हईना. सांजपर्यंत किका मारून राहिले, दोन टाइम जेवले, आबासंगं गोठा झाडला. म्हणलं, ह्यो माणूस आपल्याला सोडून जायचा न्हाई."

देविदासरावांचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी चहाचा घोट घेत स्कूटरच्या पेट्रोलच्या चावीकडे पाहिलं. बघायला गेले त्या दिवशी रुख्मिणीबाई चहा घेऊन बाहेर आल्या, तेव्हाच देविदासरावांनी ती चावी हळूच बंद करून ठेवली होती. चाळीस वर्षांत हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"लईच खराब गाडी व्हती तवा," ते म्हणाले.