‘थ्री फेज’ची बाई

कॅसेट कॉपी होऊन आली त्या सकाळी जयरामने सातपूरच्या कारखान्यात पोट दुखतंय म्हणून कळवलं आणि थेट रियाजची खोली गाठली. जयराम गायचा, रियाज कीबोर्ड आणि ड्रम मशीन सांभाळायचा. एवढ्या दोघांच्या इलेक्ट्रॉनिक बँडचं नाव ‘थ्री फेज’. गाणंही एकच, ‘मीटर पळतंय’. कॅसेटच्या दोन्ही बाजूंना तेच.

“लाव, लाव लवकर!” जयराम उभ्याउभ्याच म्हणाला.

टेप सुरू झाला. ड्रम धावत सुटले आणि त्यांच्यामागून एका बाईचा बारीक, लाडिक आवाज आला.

“ही कोण?”

“तूच,” रियाज हळूच म्हणाला. “कॉपी करणाऱ्याच्या मशीनचा स्पीड चुकला. सगळ्या कॅसेटी अशाच निघाल्यात. अन् बाकीच्या त्यानं कालच परस्पर दुकानांत पाठवल्यात.”

जयरामने स्कूटरला किक मारली. नाशिक रोडच्या दुकानात तो धापा टाकत शिरला.

“ती कॅसेट परत द्या, शेठ.”

“परत? संपली की! अजून पाठवा. पण बाई कोण हो तुमची? काय गोड गळाय!”

जयरामच्या तोंडून “नवीन आहे” निघून गेलं आणि तिथेच तो फसला. संध्याकाळपर्यंत ती नवीन बाई त्याच्या घरी पोचली होती.

“सगळी कॉलनी मला विचारतेय, तुमच्याबरोबर कोण गातं,” त्याची बायको सुवर्णा म्हणाली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. “मलाही कळू द्या.”

“अगं, मीच गायलोय!”

“माझ्या डोळ्यांत बघून सांगा.”

त्याने बारीक आवाजात गाऊन दाखवलं. ठसका लागला. रियाजने अम्मीची शपथ घेतली, तर सुवर्णा म्हणाली, “म्हणजे तुम्हीपण सामील!”

जयरामची झोप उडाली. कारखान्यात नट उलटे पिळले गेले. शेवटी बरोबर स्पीडची कॅसेट काढूनच तो थांबला आणि सुवर्णाला मागे बसवून दुकानात गेला.

दुकानदाराने ती लावली, जरा ऐकली आणि बंद केली.

“ही ओढतेय हो. बाईचा आवाज पार रेड्यासारखा येतोय. खराब माल नका देत जाऊ.”

सुवर्णा काउंटरला धरून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. जयराम निर्दोष सुटला, पण त्याचं गाणं मात्र बुडालं.

अशात कळवणच्या एका गणेश मंडळाचा निरोप आला: कार्यक्रम पक्का, पण बाई पाहिजेच.

“नाही म्हणून कळव,” जयराम चिडला.

“कशाला?” सुवर्णा म्हणाली. “मी गाते. शाळेत मीच म्हणायचे सगळी गाणी.”

ती गायली, आणि झकास गायली. शिट्ट्या पडल्या, दोनदा वन्समोअर झाला. कोपऱ्यात माइकविना टाळ्या वाजवत उभा असलेला जयराम आतून जळत होता.

कार्यक्रमानंतर एक म्हातारे बाबा काठी टेकत स्टेजपाशी आले.

“पोरी, बरी गाती तू,” ते सुवर्णाला म्हणाले. “पण क्यासेटातल्या बाईची सर नाय. ती लय गोड!”

जयरामने वाकून बाबांचे पाय धरले. बाबा गोंधळले.

परतीच्या जीपमध्ये सुवर्णा खिडकीबाहेर बघत राहिली. जयराम मात्र शीळ घालत होता. दिंडोरी मागे पडल्यावर ती बोलली.

“त्या बाईला सांगा, आज जेवण तिनंच करायचं.”