शकुआत्यांचा मुका लॅपटॉप

नवा लॅपटॉप घरात आला की शकुआत्या सर्वप्रथम त्याचे आंदण परत करतात.

आंदण हा त्यांचाच शब्द. कंपनीने यंत्रात आधीच घालून दिलेली सिस्टीम, महिनाभर फुकट राहून मग पैसे मागणारे व्हायरसवरचे पहारेकरी, कोणीही न मागितलेले पत्त्यांचे खेळ, कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या जाहिराती: हे सारे त्यांच्या लेखी मुलीसोबत बळेच पाठवलेले सामान. "मी जन्मभर लग्नं जुळवली," त्या म्हणतात, "हुंडा मागणाऱ्याला एक मुलगी दाखवली नाही. आता म्हातारपणी यंत्राकडून घेऊ? यंत्रा, तू ये, बैस. सामान बाहेर!"

हे मी प्रथम पाहिले ते माझ्याच लॅपटॉपवर, आणि त्या धक्क्यातून मी आजही पुरती सावरले आहे असे नाही. धारहून देवासला आले होते ती आत्यांना नवी वस्तू दाखवायला, केवळ दाखवायला. वीस वर्षांच्या वह्यांतून निवडलेल्या कविता त्या आठवड्यात मी त्यात उतरवल्या होत्या. पाय धुऊन, गवतीचहाचा दरवळ हुंगत, कपबशी हातात घेऊन मी बाहेरच्या खोलीत आले, तर लॅपटॉपचा पडदा काळाकुट्ट, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या मुंग्यांची रांग धावते आहे.

"आत्या, काय केलंत?"

"न्हाऊ घातलं. फार पारोसा होता."

"आणि आतलं सगळं?"

"गेलं. नवी सिस्टीम, लिनक्स चढतंय. बशी तिरपी झाली बघ, सांडशील."

माझ्या तोंडातला चहा कोमट पाण्यासारखा बेचव झाला.  कविता, एवढा एकच शब्द मला उच्चारता आला. आत्यांनी माझ्याकडे न पाहताच मसाल्याचा डबा पुढे सरकवला. स्टीलचा, सात वाट्यांचा, अजून हिंगाचा वास न सोडलेला. मोहरीच्या वाटीत प्रिंटरचे पेनड्राइव्ह, जिऱ्याच्या वाटीत वाय-फायचे, धन्याच्या वाटीत कॅमेऱ्याचे. मेथीच्या वाटीतून त्यांनी एक उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"घर बदलताना आधी काय उचलतात? देव. हे घे तुझे देव. आधी उचलले, मग भिंती पाडल्या." आणि क्षणभर थांबून, "दोन वाचल्या. पावसाची ठीक आहे. दुसरी तिसऱ्या कडव्यात लंगडते."

धक्का कोणता मोठा होता, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

शकुआत्या माझ्या वडिलांच्या थोरल्या बहीण. वय एकाहत्तर, अंगकाठी उदबत्तीची, स्वभाव तिच्या निखाऱ्याचा. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेल्या, अविवाहित. टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्यांत राहणाऱ्या. त्यांच्या पदराला एकाच वेळी कापराचा आणि सोल्डरिंगच्या तारेचा वास येतो. चष्म्याची दोरी गळ्यात, स्क्रू-ड्रायव्हर अंबाड्यात. समोर कलेक्टर असो, भाजीवाला असो वा बंद पडलेले यंत्र, सगळ्यांना संबोधन एकच, माळव्यातल्या भाऊ-दादासारखे: "भिया". "चल भिया, उठ," असे त्या लॅपटॉपला इतक्या मायेने म्हणतात की मला वाटते, तो संकोचानेच उठतो.

आजोबा, म्हणजे त्यांचे वडील दादासाहेब, देवास-धारकडच्या मराठी घरांतली लग्ने जुळवीत, आणि त्यांच्यामागे ते काम आत्यांकडे आले. पुढे मुले-मुली मोबाइलवरच एकमेकांना शोधू लागली. आत्यांच्या दाराशी पत्रिका येईनाशा झाल्या, आणि त्याच सुमारास लॅपटॉप येऊ लागले. आत्यांनी वहीदेखील बदलली नाही. लाल कापडी बांधणीची तीच जाड वही. पुढच्या बाजूने वधू-वर, मागच्या बाजूने उलटी धरून लॅपटॉप.

"काम तेच आहे," पुढे दर आठवड्याला मी त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले, तेव्हा त्यांनी सांगितले. "सिस्टीम नवी घातली की आतला एकेक अवयव अनोळखी होतो. आवाजाचा, वाय-फायचा, कॅमेऱ्याचा. प्रत्येकाला त्याची भाषा बोलणारा ड्रायव्हर हवा. कोणाचाही कोणालाही लावला की घरात भांडणं. म्हणून आधी विचारायचं, कुळ काय?" त्यांनी एक आदेश टाइप केला. पडद्यावर चार अक्षरे, मग दोन टिंबे, मग पुन्हा चार अक्षरे उमटली. "पहिली चार कुळाची. पुढची चार त्याची स्वतःची. ही आठ जुळली तरच पुढची बोलणी. दिसायला सारखा आहे म्हणून हो म्हणायचं नाही, बिल्कुल नाही."

त्यांचे निर्णय ऐकताना मी पुन्हा पुन्हा अवाक् होत असे. वाय-फायचा ड्रायव्हर नेटवरून उतरवायचा, आणि नेटसाठी तर वाय-फायच हवे, या पेचावर त्या म्हणत, "मुलगी पाहायला जायला गाडी हवी, आणि गाडी मुलीच्या बापाकडे!" मग मोबाइलची तार लावून त्या नेट उसने घेत. पीपलरावां या गावाहून आलेले एक मास्तर नवा पडदा पाहून कळवळले, "मौसी, पुराना वाला ही ठीक था." आत्या शांतपणे म्हणाल्या, "हव, ठीक था. फिर उसको उठा के यहाँ लाए क्यों, भिया?" मास्तर आठवडाभराने परत आले, लॅपटॉप तुरुतुरु चालतो आहे हे सांगायला, सोबत हरभऱ्याची जुडी घेऊन.

अशा या आत्यांचा स्वतःचा लॅपटॉप मात्र मुका होता.

गावभराच्या यंत्रांना कंठ देणाऱ्या बाईच्या घरी, पाटावर, क्रोशाच्या रुमालाखाली, तीन वर्षे एक शब्द न काढणारे यंत्र! लोक हसत. "दिव्याखाली अंधार, माई," असे भाजीवालाही म्हणून घेई. आत्या कधी नव्हे ती पडती बाजू घेत. "याचं कुळ विचित्र आहे. मनावरवाल्यांना विचारून राहिले आहे. बघू."

मनावर हे गाव धारच्या पलीकडे. तिथे कुणी दुरुस्तीचे दुकान असावे अशी माझी समजूत होती. दर गुरुवारी तीन वाजता त्या दुकानाचा फोन येई आणि आत्या वही घेऊन दार लोटून घेत. अर्ध्या तासाने बाहेर येत तेव्हा वहीत एका नव्या ड्रायव्हरचे नाव टिपलेले असे, आणि ते हटकून न लागणारे निघे. इतकी निष्फळ दुकानदारी मी कुठे पाहिली नव्हती. मनोमन त्या मनावरवाल्यांना मी ढोंगी ठरवून टाकले होते.

गेल्या भाद्रपदातला एक गुरुवार. दुपारचे सव्वादोन वाजले असतील. आत्या स्वयंपाकघरात भुट्ट्याचा कीस परतत होत्या. दुधात शिजणाऱ्या कोवळ्या मक्याचा गोडसर वाफारा आणि फोडणीतल्या मिरचीचा ठसका खोलीभर पसरला होता. मी एक पेनड्राइव्ह शोधत मसाल्याचा डबा उघडला. मधली, हळदीची वाटी मला नेहमी रिकामी वाटत आली होती. त्या दिवशी तिच्यात एक कागदाची पुडी दिसली. पुडीत पेनड्राइव्ह, आणि त्यावर चिकटवलेल्या पट्टीवर आठ अक्षरे.

ती आठ अक्षरे माझ्या ओळखीची होती. वहीच्या मागल्या बाजूच्या पहिल्याच पानावर, आत्यांच्या लॅपटॉपपुढे, "आवाज" या शब्दासमोर तीच लिहिलेली होती.

 आत्या विसरू लागल्या होत्या! औषध घरात असताना तीन वर्षे दारोदार विचारत होत्या. वयाची ही पहिली चाहूल मला सोसवेना. म्हटले, त्यांना न सांगताच लावून टाकावा. विसरल्याची लाज नको, आणि त्या ढोंगी दुकानाचीही ब्याद टळेल. रुमाल बाजूला केला, पेनड्राइव्ह जोडला, त्यांनीच शिकवलेले दोन आदेश दिले, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले आणि आवाजाची चाचणी दाबली.

तीन वर्षांच्या मौनानंतर त्या यंत्रातून एक परकी, करारी बाई इंग्रजीत म्हणाली, "डावीकडे." आणि मग, "उजवीकडे."

स्वयंपाकघरात उलथणे खणकन फरशीवर पडले.

आत्या दारात आल्या. मी कौतुकाच्या अपेक्षेने वळले, आणि माझे हसू ओठांवरच थिजले. त्यांचा चेहरा वाफेतून आल्यासारखा ओला आणि कागदासारखा पांढरा होता.

"काढ."

"अहो आत्या, लागला! तुम्ही विसरला होतात, हा इथंच—"

"मी काही विसरत नाही. लागतो ते ठाऊक आहे मला. काढ, भिया. अडीच वाजून गेले."

आत्यांना घाबरलेले मी कधीच पाहिले नव्हते.  मागे कीस करपू लागल्याचा वास आला, तरी त्या हलल्या नाहीत. मग त्यांनी लाल वही उचलली, आणि प्रथमच माझ्यासमोर ती पुढच्या बाजूने उघडली. पिवळ्या पानावर टपोऱ्या अक्षरांत दोन पत्रिका शेजारी शेजारी मांडलेल्या. वर: सदाशिव, मनावर. वधू: शकुंतला, देवास. खाली लाल शाईत, "एकनाड. जुळत नाही."

अक्षर आत्यांचेच होते.

"दादासाहेबांना दिसायचं कमी. पत्रिका मीच मांडायची," त्या म्हणाल्या. "तेवीस वर्षांची होते. एकनाड आली की लग्न नाही, हा त्यांचा नियम. खोटं लिहिलं असतं, तर कोणाला कळलं असतं?"

"मग?"

"मग काय? जे होतं ते लिहिलं. पुढं या मनावरवाल्यांना धारची मुलगी मीच काढून दिली. अठ्ठावीस गुण. छान संसार झाला. तीन वर्षांपूर्वी ती गेली. भेटायला गेले, तर खाटेवर गप्प बसलेले. कोणाशी बोलत नव्हते, जेवत नव्हते. आता काय बोलायचं अशा माणसाशी? सांत्वन मला येत नाही. तोंडातून निघून गेलं, माझ्या लॅपटॉपला आवाज नाही हो." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "इंजिनियर माणूस. मान वर केली. म्हणाले, असं? बघू या."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"याला आवाज आला, तर गुरुवारी मी काय विचारू?"

ज्या वाटेने तो ड्रायव्हर आत घातला होता, त्याच वाटेने मी तो बाहेर काढला.  दोनदा आदेश चुकला. तीनला पाच कमी असताना यंत्र पुन्हा सुरू झाले. चाचणी दाबली. डावीकडे शांतता. उजवीकडे शांतता. आत्यांनी सुस्कारा सोडला आणि विस्कटलेला अंबाडा बांधून घेतला, स्क्रू-ड्रायव्हरसकट.

बरोबर तीन वाजता फोन वाजला. या खेपेला त्यांनी दार लोटले नाही.

"काय, बोलला का आपला मौनीबाबा?" पलीकडचा आवाज जुन्या पितळी भांड्यासारखा होता, किंचित पोचा आलेला, पण नाद न हरपलेला.

"नाही हो," शकुआत्या म्हणाल्या. "अजून मुकाच आहे."

शब्द खरा होता, तरी त्यांना खोटे बोलताना मी जन्मात प्रथमच ऐकले.

मी हळूच पुडी आवरायला घेतली. उघडताना कागद आतून कोरा आहे की नाही, हे मी पाहिलेही नव्हते. आता घडी घालताना त्यावरच्या ओळी दिसल्या. मोजके, उभट, नकाशावर लिहितात तसे अक्षर; आत्यांचे नव्हे. वर तीन वर्षांपूर्वीची तारीख, आणि खाली:

"हा लावला की आवाज येईल, यात शंका नाही. पण घाई नाही. सदाशिव."

मी पेनड्राइव्ह त्याच घडीत गुंडाळला, हळदीच्या वाटीत ठेवला, आणि झाकणाचा आवाज होणार नाही अशा बेताने डबा बंद केला.

"हरकत नाही," फोनमधला आवाज म्हणत होता, "आज एक वेगळाच सुचवतो. वही आहे ना जवळ?"

"आहे," आत्या म्हणाल्या, आणि त्यांनी पेनाचे टोपण काढले. "सांगा. सावकाश सांगा."