भालेराव अस्वलाने मटकी भिजवली त्याची गोष्ट

बसा रे सगळे. चपला बाहेर. शलाका, स्वयंपाकघराकडे जायचं नाही, इकडे ये. काकू माहेरी गेलीय, तेव्हा खाऊ नंतर. आधी गोष्ट.

एका जंगलात एक अस्वल राहत होतं. त्याचं नाव भालेराव. पोट पुढे आलेलं, अंगावर केस भरपूर, आणि चेहरा असा की ह्याला सगळं कळतं. शलाका, माझ्याकडे बघून हसू नकोस. मला केस कुठायत?

भालेरावांच्या बायकोचं नाव जांबवती. दोघांची गुहा छान होती, हवेशीर, ओढ्याच्या काठाला. भांडण म्हणाल तर दिवसातून एकच, आणि रोज तेच. सकाळी जांबवती विचारायची, "अहो, आज भाजी काय करू?"

भालेराव पाचोळ्यावर लोळत म्हणायचे, "कर काहीही. मला काहीही चालतं."

आणि दुपारी ताटात दुधी दिसला की म्हणायचे, "परत दुधी?"

आता दुधी 'काहीही'मध्ये येत नाही का? येतो. पण हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नाही. बऱ्याच जणांच्या येत नाही. मी नावं घेत नाही.

जांबवतीचं माहेर डोंगरापलीकडे. तिच्या आईच्या दारात मोहाचं मोठं झाड होतं. चैत्र जवळ आला की त्याची फुलं गळायची, जाड जाड, रसाळ, गोड. तुम्हाला जसा आमरस, तशी अस्वलांना मोहाची फुलं. पण ही चंगळ थोडेच दिवस. एकदा बहर सरला की थेट पुढच्या वर्षी.

आणि लग्न झाल्यापासून जांबवतीने ती फुलं तोंडात घातली नव्हती. दर वर्षी आईचा निरोप यायचा. दर वर्षी ती गाठोडं बांधायची, भालेरावांकडे बघायची आणि गाठोडं सोडायची. हा प्राणी एकटा खाणार काय? ह्याला कांदे कुठे असतात तेही ठाऊक नाही. मला तिचं वाईट वाटतं रे. खरंच वाटतं.

यंदा निरोप जरा वेगळा आला. "झाड म्हातारं झालंय, आणि मीही. यंदा तरी ये."

जांबवतीच्या हातात दुधी होता. तो तिने कोपऱ्यात ठेवला आणि म्हणाली, "मी यंदा जाणार."

भालेराव उठून बसले. "अगं जा की! मी कधी अडवलंय? तू उगाच बाऊ करतेस. स्वयंपाकात अवघड काय आहे? तुझ्याकडे नियोजन नाही, एवढंच."

"काय नाही?"

"नियोजन. आठवड्याचं सगळं आधीच ठरवून टाकायचं. म्हणजे रोज उठून डोकं चालवायला नको."

"कोणाचं?"

भालेराव तोवर गुहेबाहेर पडलेही होते.

मग ते शेजारीपाजारी कसं चालतं ते बघायला निघाले. अभ्यास हो, अभ्यास. अभ्यासाशिवाय आम्ही, म्हणजे अस्वलं, काही करत नाही.

आधी भेटली खारूताई. ती जमीन उकरत होती. म्हणाली, "आमच्याकडे सगळं घाऊक. हंगामात एकदाच घ्यायचं आणि ठेवून द्यायचं."

"वा! कुठे ठेवता?"

"तेच शोधतेय," खारूताई म्हणाली आणि पुढचा खड्डा उकरायला लागली.

पुढे मुंगसे भेटले. मुंगूसच ते, पण सगळे त्यांना मुंगसे म्हणत. ते एक लाल भोपळा ढकलत घरी निघाले होते. "आमचं रोजचं रोज," मुंगसे धापा टाकत म्हणाले. "सकाळी उठायचं, बाजार गाठायचा, ताजं आणायचं. आता हेच बघा ना, कोथिंबीर आणायला गेलो होतो."

"मग कोथिंबीर कुठाय?"

मुंगशांनी भोपळ्याकडे बघितलं. "अगं आई गं! आता ही मला घरात घ्यायची नाही." आणि भोपळा तिथेच टाकून ते उलट्या पावली बाजाराला पळाले.

सिंहमहाराजांचा तर थाटच निराळा. ते हल्ली गुहेबाहेर पडतच नसत. आतून डरकाळी फोडली की माकड सामान घेऊन हजर. पोचायचं अगदी झटपट, फक्त अर्धं वाटेतच संपलेलं असायचं.

"सगळे अडाणी," भालेराव म्हणाले.

घरी येऊन त्यांनी सागाचं मोठं पान घेतलं आणि नखाने त्यावर आठवडा कोरला. सोमवारी बाजार. मंगळवारी उसळ. मग दोडका, मग वांगं, मग आणखी काही, आणि शनिवारी मेथी. ते पान त्यांनी गुहेच्या दारात लावलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

जांबवतीने ते वाचलं. "बाजार सोमवारी?"

"हो."

"आणि मेथी शनिवारी?"

"हो. का?"

ती काहीतरी बोलणार होती, पण मोह आठवला असावा. तिने गाठोडं उचललं. "काही नाही. फक्त मटकी वाटीभरच भिजवा. वाटीभरच हं!" एवढं सांगून ती डोंगराकडे चालू लागली. मागे वळून मात्र बघत होती. भालेरावांनी हात हलवला आणि मनात म्हणाले, आता दाखवतोच.

सोमवारी भालेराव पाणवठ्यावरच्या बाजारात गेले. मेथीची जुडी सोडून आत बघायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी वास घेतला, "छान" म्हणाले आणि वरच्या वर उचलली. मटकीचं तर अख्खं पोतं खांद्यावर टाकलं.

वाटेत मुंगसे भेटले. "भालेराव, मेथी आजच निवडून टाका हो."

"मेथी शनिवारी आहे."

"ते तुम्हाला ठाऊक. मेथीला सांगितलंय का?"

भालेराव हसले. अडाण्याशी कोण वाद घालणार?

घरी येऊन त्यांनी वाटीभर मटकी पातेल्यात ओतली. पातेल्याचा तळसुद्धा झाकला नाही. "इवलीशी तर दिसतेय! माझ्या दाताला तरी पुरेल का?" आणखी ओतली. मग त्यांना एक थोर विचार सुचला. परत परत भिजवत कशाला बसायचं? एकदाच भिजवली की आठवड्याची कटकट मिटली! त्यांनी पोतं उपडं केलं. पातेलं भरलं, हंडा भरला, तरी उरली म्हणून आंघोळीचं घंगाळ घेतलं.

तुमच्यापैकी ज्यांच्या आया मटकी भिजवतात ते आत्ताच हसायला लागलेत. हसा. माणूस शिकतो ते असंच.

मटकी फुगली. हंड्यावरून खाली सांडायला लागली. मोड यायला ऊब लागते, एवढं भालेरावांनी कुठूनतरी ऐकलं होतं. त्यांनी जांबवतीच्या जुन्या लुगड्यात सगळी मटकी बांधली, ते भलंथोरलं गाठोडं पोटाशी घेतलं आणि ताणून दिली. आता अस्वलाची ऊब ती! जाग आली तेव्हा लुगडं टरकलं होतं आणि मटकी अंथरुणात होती, कानात होती, काखेत होती. हातभर मोड. बरं, हातभर नाही, पण मोजायच्या मनःस्थितीत तो प्राणी नव्हता.

मंगळवारी उसळ झाली. बुधवारी पानावर दोडका होता, पण मटकी काही पान वाचून थांबत नाही. परत उसळ झाली. मेथी तोवर पिवळी पडायला लागली होती. भालेराव तिला म्हणाले, "जरा दम धर."

मग त्यांनी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या वाट्या उसळीने भरल्या आणि दारोदार निघाले. "आमच्याकडे जरा जास्त झाली, म्हटलं तुम्हाला द्यावी."

आणि आपल्याकडे रीत काय आहे? सांगा बघू. बरोबर. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही. रिकामी वाटी पाठवणं म्हणजे नाक कापून घेणं. त्यामुळे मुंगशांकडून वाटी आली ती वाटेतून परत उचलून आणलेल्या त्याच भोपळ्याचे घारगे घेऊन. सशांच्या सुनेने गाजराचा हलवा पाठवला. खारूताईला नेमके त्याच दिवशी शेंगदाणे सापडले, तिच्याकडून चटणी आली.

भालेरावांनी चूल न पेटवता बोटं चाटत जेवण केलं. ढेकर दिली. दारातल्या पानाकडे बघितलं आणि त्यांचा ऊर भरून आला. "बघा! ह्याला म्हणतात नियोजन."

घारीकरवी त्यांनी बायकोला निरोप धाडला. "मजेत आहे. नियोजन यशस्वी. काळजी नसावी." मग येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ते नियोजनाचे फायदे सांगायला लागले. इतके सांगितले की लोक त्या वाटेने जाईनासे झाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परत वाट्या भरल्या. त्याच्या पुढच्या दिवशीही. आणि इथे घोटाळा झाला.

मुंगशांच्या घरात आता मटकीशिवाय काही उरलं नव्हतं. वाटी रिकामी द्यायची कशी? सशांकडून आलेली वाटी परत करताना त्यांनी मटकीच भरली. सशांनी खारूताईला मटकीची भेळ दिली. खारूताईने आपली मटकी आधीच कुठेतरी पुरून ठेवली होती, ती जागोजाग उगवून वर आली, म्हणून तिने भालेरावांनाच टोपलीभर पाठवली. भालेरावांनी घास घेतला आणि म्हणाले, "चव ओळखीची वाटतेय."

तरी कुणी 'नको' म्हणेना. रीत म्हणजे रीत! सगळं जंगल एकमेकांना मटकी देत होतं आणि हसून घेत होतं. मुंगशांची पोरं वाटी बघितली की भोकाड पसरायची. मुंगसेवहिनींनी दाराला आतून कडी घातली. सिंहमहाराजांनी माकडाला बोलावून दमात घेतलं, "काहीतरी आण, पण मोड आलेलं नको."

शेवटी मुंगसे खारूताईला म्हणाले, "आता जांबवतीवहिनींना आणल्याशिवाय गत्यंतर नाही." दोघं डोंगर चढायला लागले.

पलीकडे पोचले तेव्हा जांबवती आईशेजारी झाडाखाली बसली होती. ती आली तेव्हा झाडावर नुसत्या कळ्या होत्या. त्याच सकाळी पहिलं फूल गळलं होतं. ते तिच्या पंजात होतं आणि ती ते तोंडाशी नेत होती.

"वहिनी!" मुंगसे ओरडले. "घरी चला! तुमच्याशिवाय काही खरं नाही." आणि त्यांनी सगळी मटकीची रामकहाणी ऐकवली.

जांबवतीने फूल खाली ठेवलं. हात सवयीने गाठोड्याकडे गेला. इतक्या वर्षांची सवय ती. म्हाताऱ्या आईने तोंड फिरवलं.

गाठ बांधता बांधता जांबवतीने विचारलं, "त्यांनी पाठवलं का तुम्हाला?"

"छे हो. पण त्यांचे हाल बघवत नाहीत. मी निघालो तेव्हा दारात बसून सारखं विचारत होते, आज काय करू, आज काय करू."

जांबवतीचा हात थांबला. "कोणाला विचारत होते?"

"कोणाला म्हणजे? गुहेत आहे कोण?"

जांबवती आधी हळू हसली. मग इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं आणि आईलाही कळेना की ही हसतेय की रडतेय. तिने गाठोडं सोडून बाजूला टाकलं, खाली ठेवलेलं फूल उचललं आणि तोंडात घातलं. डोळे मिटून चावत म्हणाली, "त्यांना माझा निरोप सांगा. म्हणावं, करा काहीही. मला काहीही चालतं."

मग तिने दोन्ही पंजे फुलांनी भरले आणि आधी आईच्या ओंजळीत ओतले.

मुंगशांनी निरोप जसाच्या तसा पोचवला. भालेराव विचारात पडले. हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत होतं, पण कुठे ते काही केल्या आठवेना.

तो शनिवार होता. पानाप्रमाणे मेथीचा दिवस. त्यांनी जुडी उचलली, पण मेथी केव्हाच गेली होती, नुसता हिरवा लगदा हाताला लागला. कोपऱ्यात जांबवतीने ठेवलेला दुधी मात्र तसाच टवटवीत होता. भालेरावांनी तो चिरला. कांदे शोधून शोधून दमले, शेवटी बिनकांद्याचा केला. एकटेच जेवायला बसले. दुधी बरा झाला होता. तसं सांगायला गुहेत कोणी नव्हतं, आणि तेव्हा त्यांना बायकोची अशी आठवण आली की ताट तसंच ठेवून ते दारात जाऊन डोंगराकडे बघत बसले.

काय शलाका? ती परत आली का? येईल गं. बहर सरला की येईल. कालच बोलणं झालं आमचं. म्हणजे त्यांचं.

तात्पर्य: आठवड्याच्या जेवणाचं नियोजन प्रत्येक नवऱ्याने जरूर करावं. त्याने स्वयंपाक होत नाही. पण बायकोला माहेरी निवांत राहता येतं.

अरे, पळताय कुठे? दाराशी वाट्या भरून ठेवल्यात, एकेक उचला. पातेलं नका बघू, वाटी बघा. आणि घरी आईला सांगा, काकांनी सांगितलंय, वाटी रिकामी परत करायची नाही. मटकी सोडून मला काहीही चालतं.