देवरावमामा यान चालवतात

आमचे शेजारी देवरावमामा सिनेमा बघत नाहीत, चालवतात. पडद्यावर गाडी पळाली की यांचा उजवा पाय ब्रेक शोधतो. उभी हयात त्यांनी सेनगाव-हिंगोली रस्त्यावर जीप चालवली. जीप कधीच विकली, पाय मात्र अजून कामावर आहे. टीव्हीपुढची आमची चटई नेमकी त्या पायाखालीच झिजलीय.

टीव्ही त्यांच्या घरीही आहे, पण लावत नाहीत. दोन वर्षांपूर्वी पार्वतीमामींना लकवा मारला, वाचा गेली. मामा त्यांना न्हाऊ घालतात, वेणी घालतात, मऊ भात भरवतात; सगळं मुकाट्यानं. "तिला बोलता येत न्हाई, मंग म्या एकट्यानं काहून बडबडावं? तिला अजून तकलीफ." दुपारी मामींचा डोळा लागला की मामा आमच्याकडे, आणि साठलेली सगळी बडबड आमच्यावर.

परवा अंतराळातला सिनेमा लागला, हिंदीतून. यान उडालं तसा मामांचा पाय ब्रेकवर गेला.

"आरसा न्हाई, हॉर्न न्हाई! मागून काय येऊन राहिलं, कसं दिसंल? आन् एवढी मोठी गाडी, सवारी एकच? परवडंल कसं?"

मग यानावर उल्का आदळली. यान चालवणाऱ्या बाईला पृथ्वीवरचा आवाज ऐकू येईना. तिचं बोलणं खाली पोचत होतं, पण तिला ते ठाऊक नव्हतं. तरी ती रोज बोलायची. आज शनीची कडी दिसली, आज जेवायचा कंटाळा आला. खाली माणसं यंत्राभोवती बसून शब्द न् शब्द ऐकायची आणि उत्तर देता येईना म्हणून रडायची.

माझी बायको डोळे पुसत होती. मामांचा पाय हलत नव्हता.

"खालचे लोकं बराबर ऐकून राहिले ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय मामा."

"नुसतं बोलता येईना त्याह्यला."

आणि उठलेच.

"काहून उठले?" मी म्हणालो. "ती परत येती का न्हाई, बघायचं न्हाई?"

"तुमी बघा," म्हणाले, आणि माझीच चप्पल घालून गेले.

संध्याकाळी कढी द्यायला गेलो. दार उघडंच होतं. मामा मामींचे केस विंचरत होते आणि तोंड सुरू होतं. "मेथी लई कवळी आलीय बाजारात. आन् आपल्या चंपीच्या पोरीचं लगीन जमलं, तुला सांगायचं राहिलंच... दोन वर्षाचं राहिलं, पारू."

मामी त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. गाल ओले झाले होते. मामांनी कंगवा ठेवला, मामींच्याच पदरानं त्यांचे डोळे पुसले आणि जवळ सरकून बसले.

"बरं, तर काय सांगून राहिलो होतो म्या..."