गोदूची तक्रार आणि न सापडलेली ओळ

एका जंगलात, बाळांनो, एक दफ्तर होतं. हसू नका. जंगलात दफ्तर नसेल तर सिंहाने कामं ढकलायची कुणावर?

या दफ्तरात गोदू पाणमांजरीण तीन वर्षं खेटे घालत होती. तिच्या डोहात एक मगर घुसून बसली होती. मगर प्रधान कोल्ह्याच्या ओळखीची. गोदू चार पिल्लं घेऊन एका डबक्यात दिवस काढत होती, आणि आता ते डबकंही आटत आलं होतं. पिल्लांच्या पाठी सुकलेल्या चिखलाने पांढऱ्या पडल्या होत्या.

अखेर सिंहमहाराजांना वेळ झाला. ते म्हणाले, "तक्रारीची नक्कल आण. उद्या सुनावणी घेतो."

नक्कल काढायची कशी? अस्वल कारकुनाने जंगलातल्या सगळ्या तक्रारी संगणकात घातल्या होत्या खऱ्या, पण एकाच फाइलमध्ये, एकाखाली एक. प्रत्येकाची वेगळी फाइल करायचा त्याला कंटाळा. आता ती फाइल इतकी फुगली होती की उघडायला गेलं की संगणक मान टाकायचा.

गोदू दफ्तरातल्याच शेवंता मुंगशिणीकडे गेली. शेवंता संगणकाच्या काळ्या पडद्यावर काम करायची. त्यावर चित्र नाही, बटण नाही. आज्ञा टाइप करायची, यंत्र मुकाट्याने ऐकतं. फाइल उघडावीही लागत नाही.

"सोप्पंय गं," शेवंता म्हणाली. "प्रत्येक तक्रारीच्या डोक्यावर नाव घालून 'तक्रार सुरू' लिहायचं आणि खाली 'तक्रार मिटली' लिहायचं, असा नियम आहे. मी यंत्राला सांगते, गोदूच्या नावापासून 'मिटली'पर्यंतचा तुकडा तेवढा काढ."

तिने आज्ञा दिली. प्रिंटर घरघरला. गोदूची तक्रार आली. पाठोपाठ सशाची आली. मग भेकराची, मग घोरपडीची. कागद दारातून बाहेर गेला, पायऱ्या उतरला, पार चिंचेखाली पोचला.

"अगं, थांबव की त्याला!" गोदू ओरडली.

"'तक्रार मिटली' अशी ओळ दिसली की ते आपोआप थांबेल." शेवंताने डोकं धरलं. "पण दिसणार कुठून? आपल्या जंगलात आजवर एकही तक्रार मिटलेली नाही!"

एव्हाना चिंचेखाली गर्दी जमली होती. जो तो आपली तक्रार शोधून मोठ्याने वाचत होता. निम्म्या मगरीवर होत्या, निम्म्या प्रधानावर. अगदी शेवटी खुद्द महाराजांचीच निघाली: गुहा गळते, दोन पावसाळे झाले, कुणी फिरकलेलं नाही.

गलका ऐकून प्रधानासह आलेले महाराज खवळले. "प्रधानजी, इतक्या तक्रारी?"

"तक्रारी कुठल्या, महाराज?" कोल्हा गोड हसला. "प्रत्येकीत एकेक ओळ लिहायची राहिलीय, एवढंच. शेवंताबाई, सगळ्या तक्रारींखाली 'तक्रार मिटली' घाला. एका आज्ञेत होतं ना?"

"होतं," शेवंता चाचरत म्हणाली. "पण साहेब, गोदूचा डोह?"

"डोहाचं आपण बघू. तुम्ही यंत्राचं बघा. नोकरी पक्की व्हायचीय ना अजून?"

शेवंताने मान खाली घातली आणि आज्ञा टाइप केली. डोळ्याचं पातं लवायच्या आत जंगलातल्या सगळ्या तक्रारी मिटल्या. दफ्तरात पेढे वाटले गेले. जलद न्यायाबद्दल कोल्ह्याला शाल मिळाली. मगरीनेही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी गोदूला नक्कल मिळाली. कशी सुबक! सात ओळी. एक जास्त नाही, एक कमी नाही. ती घेऊन ती दरबारात उभी राहिली.

महाराजांनी शेवटची ओळ वाचली. "मिटली की! मग आलीस कशाला?"

"महाराज, मगर अजून डोहातच आहे."

"तक्रारीत काही राहिलंय का?"

"नाही, पण..."

"मग घरी जा, बाई."

"घर म्हणजे तो डोहच हो, महाराज!" गोदूला रडू फुटलं.

"बघा," कोल्हा दरबाराकडे वळून कौतुकाने म्हणाला, "आनंदाश्रू!"

तात्पर्य : बाळांनो, न्याय मागायला जाताना कागद नेहमी नीटनेटका आणि पुरा असावा. अर्धवट कागद असला की वरिष्ठांना उगाच आपलं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.